गोणी घेतली, आशीर्वाद नाही

सोनईजवळच्या आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो तेव्हा प्रत्येक घर आपल्या शेतातलं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवतं. उपासना झाली की त्या मालाचा बाहेरच्या मांडवात लिलाव होतो. शेजारच्या मळ्यातल्या मालनबाई हिंदू, पण त्यांची लाल कांद्याची गोणी दरवर्षी येते. जुने पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. यंदा पाळक नवे होते.

उपासना संपली तशी मालनबाईंनी मुलीला पुढे केलं. ज्ञानेश्वरी, एकोणीस वर्षांची. दोन जिने चढली तरी ओठ निळे पडायचे.

"साहेब, उद्या नगरला हिच्या काळजाचं आपरेशन हाय. हात ठिवा पोरीच्या डोस्क्यावर."

पाळकसाहेबांनी हात पाठीमागे घेतले. "बाई, तुम्ही चर्चच्या मंडळीतल्या नाही. मी घरी प्रार्थना करीन. पण आशीर्वाद मंडळीसाठी असतो."

मी पहिल्या रांगेतून उठले. "साहेब, गेल्या रविवारी तुम्हीच शिकवलंत, शाप देणाऱ्यालाही आशीर्वाद द्या. यांनी तर शापही दिलेला नाही."

"अनन्या, एका वचनावर चालत नाही. बायबलमधल्याच एका पत्रात असंही लिहिलंय की जो हे शिक्षण घेऊन येत नाही, त्याला घरात घेऊ नका, सलामही करू नका."

"त्याच्या आधीची वाक्यं वाचा ना."

ते वाचेनात. मग मीच बायबल उघडून मोठ्यानं वाचलं. ते पत्र फिरत्या उपदेशकांबद्दल आहे. खोटं शिकवत गावोगाव जाणारे, विश्वासणाऱ्यांच्या घरी उतरणारे. दोन वचनं भांडत नव्हतीच; एक शेजाऱ्याबद्दल होतं, दुसरं भोंदू गुरूबद्दल. एमएस्सीच्या प्रयोगशाळेत कुणी कोणत्या तापमानाला ते न लिहिता नुसता आकडा दिला असता तर सरांनी वही फेकली असती.

"मालनबाई काय शिकवायला आल्यात इथं?" मी विचारलं. "कांदे?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. "एमएस्सी झालीस म्हणजे पाळक नाही झालीस. बस खाली." ते स्वतः वेदीपाशी खुर्चीत जाऊन बसले.

तेवढ्यात बाहेरच्या मांडवातून बाबांचा आवाज आला. लिलाव दरवर्षी तेच करतात. आत काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. "मालनबाईंची गोणी! एकदम सुका माल! बोला मंडळी!"

माझं डोकं सणकलं. मी दारात जाऊन ओरडले, "बाबा, गोणी परत द्या! इथं कांदा चालतो, माणूस चालत नाही!"

बाबा गोणीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"न्हाई गं बाय," मालनबाई घाईघाईनं म्हणाल्या. "देवाला दिल्यालं माघारी न्हेत न्हाईत. चल गं ज्ञानू." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मुलीचा हात धरून दाराकडे वळल्या.

मी दार अडवलं. ज्ञानेश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दर रविवारी उपासनेच्या शेवटी पाळक म्हणतात ते आशीर्वादाचे शब्द म्हणायला लागले. पाळकपदाचा अभिषेक नाही, अधिकार नाही. माझा आवाज आशीर्वादाचा नव्हताच, कुणाला तरी झापत असल्यासारखा होता. एका ओळीत अडखळले, ती पुन्हा म्हटली.

आमच्याकडे हे शब्द सुरू झाले की माणूस आपोआप उठतो. पाळण्यापासूनची सवय. बायकांच्या बाजूचे बाक करकरले. मांडवातली माणसं घेतलेला माल हातात धरून जागच्या जागी ताठ झाली. एकाच्या काखेत फ्लॉवरचा गड्डा होता. साहेबही वेदीपाशी खुर्चीतून उठले, आणि उठल्यावर आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं. आता बसायचं तरी कसं? ते उभेच राहिले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. त्यांनी ओठ मिटून घेतले.

मला त्यांची कीव आली नाही. आजही येत नाही.

ज्ञानेश्वरीनं डोळे उघडले.

"झालं का, ताई?"

"झालं."

"मंग हात काढ की," ती हळूच म्हणाली. "लई थरथरतोय. आपरेशन माझं हाय."