वापर नाही

पाड्यातला नळ कोरडा पडून दोन महिने झाले होते आणि चाळीस घरांची सगळी भिस्त डोंगरातल्या झऱ्यावर होती. त्याच झऱ्याच्या वरच्या अंगाला मे महिन्यात पोकलेन चढलं. मुरूम काढायची परवानगी मिळाली होती. ठेकेदाराच्या माणसानं कागद दाखवला, तो वेणूबाईच्या दिरानं, कोंडाजीनं, मोठ्यानं वाचला. त्यात एका संस्थेच्या पाहणीवरून घेतलेली एक ओळ होती : डोंगराचा व झऱ्याचा ग्रामस्थांकडून वापर नाही.

"कोण बोललं असं?" कोंडाजी म्हणाला. "बोलणाऱ्याची जीभ कशी झडली नाय?"

वेणूबाई तिथून निघून घरी आली, भाकरी तशीच झाकून ठेवली. ते तीच बोलली होती.

तीन वर्षांपूर्वी त्या संस्थेची मुलगी घरोघर विचारत आली होती, डोंगरातून काय काय आणता म्हणून. नेमकी त्याच दिवशी हेंद्रेपाड्याची मंडळी नात तेजलला बघायला आली होती. नळ नवा होता, शेगडी नवी होती. पाहुण्यांसमोर लाकूडफाटा नि रानभाजी काय सांगायची? "आता कोण चढतंय डोंगर, बाई?" वेणूबाई हसून म्हणाली होती. "घरात नळ हाय, गॅस हाय." मुलीनं लिहून घेतलं. तेजलचं लग्न जमलं, आणि वेणूबाई ते बोलणं विसरूनही गेली.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा बदलत अंबरनाथला त्या संस्थेच्या ऑफिसात गेली. तिथं धर्मेश नावाचा तरुण अधिकारी होता. त्यानं तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, एका घराच्या सांगण्यावरून कागद बदलत नाही," तो म्हणाला. "सगळ्यांनी यायला हवं. आधी सांगितलं ते खरं नव्हतं, असं प्रत्येकानं म्हणायला हवं."

म्हणजे पाड्यापुढे उभं राहणं आलं. त्या संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर तिनं सगळ्यांना बोलावलं आणि पदराचं टोक मुठीत धरून सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी होती तिची. पण शेजारची कुंदा खाली बघत म्हणाली, "काकू, मी पण तेच सांगितलं."

कोंडाजीनं टोपी काढली. "मला चाऱ्याचं विचारलं, वैनी. मी म्हणलो, गुरं कवाच विकली. तीन म्हशी मागं बांधलेल्या व्हत्या."

एकेक करत सगळे बोलले. चाळीस घरांत खरं सांगणारं एकही घर नव्हतं. कुणी कुणावर चिडलं नाही, दोष द्यायला कुणी उरलंच नव्हतं, आणि वेणूबाईला त्याचीच जास्त भीती वाटली.

टेम्पो करून सगळे अंबरनाथला जाऊन आले. गुरुवारी स्वतः येतो, असा शब्द धर्मेशनं दिला. पण गुरुवारपर्यंत यंत्र थांबणार नव्हतं. मंगळवारी झऱ्याचं पाणी लाल आलं. बुधवारी सुतासारखी धार उरली, कळशी भरायला तास लागला. वेणूबाई वर चढली आणि पोकलेनच्या दातांसमोर जाऊन बसली.

"अम्मा, हट जाओ," ड्रायव्हर हात जोडून म्हणाला. "मेरी नौकरी जाएगी."

"माझं पाणी चाललंय रे," ती म्हणाली.

तिथल्या दोघा मजुरांनी तिला दंडाला धरून उचललं आणि ऐनाच्या झाडाच्या सावलीत नेऊन ठेवलं. मारलं नाही, ओरडले नाहीत. यंत्र पुन्हा सुरू झालं.

गुरुवारी धर्मेश कागद घेऊन झऱ्याशी बसला. बायका आधी लाजल्या, मग एकीचं तोंड दुसरीला आवरेना. शेवळं, लोत, भारंगी या रानभाज्या. पोट बिघडलं की कुड्याची साल. कुडाच्या भिंतीला कारवी. दुपारी वरून उतरणारा गार वारा. "बायको गेली तेव्हा सरण ह्याच डोंगराचं रचलं," कोंडाजी म्हणाला. "ते पण लिवा."

"हे सगळं किती गरजेचं, ते एक ते पाच आकड्यांत सांगायचं," धर्मेश म्हणाला.

"पाचाच्या वर नाय का?" वेणूबाईनं विचारलं.

"नाही, मावशी," तो हळू म्हणाला.

काम थांबवायचा हुकूम आला तो त्या गुरुवारनंतर बाराव्या दिवशी. पोकलेन ट्रेलरवर चढून निघून गेलं. झरा त्याच्या चार दिवस आधीच बंद पडला होता. आत कुठली तरी शीर तुटली असेल, पावसात कदाचित वाट काढील, कदाचित नाही, एवढंच धर्मेशला सांगता आलं. कोंडाजीनं दोन म्हशी विकल्या. वेणूबाईचा मुलगा आनंदनगरच्या कंपनीतून मोटारसायकलवर पाण्याचे कॅन आणू लागला. दोन कॅनमध्ये एका घराचंही भागत नव्हतं.

वेणूबाई रोज सकाळी कुदळ घेऊन झऱ्यावर जायची आणि कुंडातला गाळ उपसायची. पहिल्या दिवशी पंधरा बायका होत्या. गाळ ओला लागायचा, तेवढ्यावर सगळ्या खणत राहायच्या. चौथ्या दिवशी खाली कातळ लागला, आणि तो कोरडा होता. तरी त्या बाजूबाजूनं उकरत राहिल्या. सातव्या दिवशी कुंदा आली नाही, पाड्यात पाण्याचा टँकर येऊ लागला होता आणि तिला त्याच्या रांगेत उभं राहायचं होतं. आठव्या दिवशी वेणूबाई एकटीच होती. तिनं पदर खोचला आणि कातळाच्या फटीत कुदळ घातली.