सातशे चाळीसचा थांबा

सफाक्स शहरात ऑलिव्हचा हंगाम सुरू झाला की माणसं दोनच विषयांवर बोलतात: आपलं तेल किती उतरलं आणि शेजाऱ्याचं किती कमी उतरलं. सी सलाहच्या, म्हणजे सलाहशेठच्या, वर्कशॉपमध्ये मात्र त्या सकाळी तिसराच विषय होता, आणि तो विषय समोरच उभा होता. नजीबा.

नजीबा अकरा वर्षं तिथल्या म्हाताऱ्या, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर काम करत होती. महिन्याभरापासून लेथला नवी खोड लागली होती. टूलचा गाडा लांबीच्या दिशेने नेणारा झेड अ‍ॅक्सिस चालता चालता मध्येच ठप्प व्हायचा. पडद्यावर लाल अलार्म. बंद करून चालू केलं की पुन्हा शहाण्या बाळासारखा चालायचा. कधी दिवसात तीनदा, कधी आठवडाभर एकदाही नाही. एरवी अशा थांबण्याने नुसता वेळ जातो, पण मळसूत्र कापताना गाडा थांबला की आटे चुकतात आणि जॉब भंगारात. तेलाच्या घाण्यात लगदा पुढे ढकलणारे दोन मळसूत्री दांडे असेच वाया गेले होते. आता पोलादाचा एकच तुकडा उरला होता. घाण्याचा मालक हाज बशीर दारात ट्रॅक्टर लावून बसला होता आणि तिकडे त्याच्या अंगणात ऑलिव्हच्या पेट्या तापत चालल्या होत्या.

सी सलाहने सगळ्यांना बोलावून नोंदवही उघडली. "सतरा थांबे. सोळा नजीबाच्या पाळीत, एक लमजदच्या. मी काही म्हणत नाही, वही म्हणते."

"वही तुमच्याच आवाजात बोलते वाटतं," नजीबा म्हणाली.

"जीभ चालते तसा गाडा चालला असता तर बरं झालं असतं. तिसरा दांडा लमजद कापेल. तू उद्यापासून ड्रिलवर."

ड्रिलवर म्हणजे दिवसभर एकच दांडी खाली-वर. नजीबाची कानशिलं तापली. पण तिच्याआधी दुसऱ्या पाळीचा लमजदच घाबरला. बढती मिळाल्यावर इतकं पडलेलं तोंड त्या वर्कशॉपने पाहिलं नव्हतं.

"मी?" तो म्हणाला. "सी सलाह, मी वीतभर बुश कापणारा माणूस. लांब जॉब मला दिलाय कधी? लांब आलं की सगळं ताईकडेच जातं."

नजीबाने त्याच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. तारीख, वेळ, नाव. तीन रकाने, आखीव, सुबक. काही बिघडलं की माणूस आधी 'कोणी' विचारतो, मग 'कधी'. 'कुठे' विचारण्याइतकी उसंत कोणाला नसते, कारण गुन्हेगार तोवर सापडलेला असतो.

"लमजद, तुझा तो एक थांबा. त्या दिवशी काय कापत होतास?"

"फाटकाचा दांडा. तू लग्नाला गेली होतीस ना, म्हणून माझ्या गळ्यात पडला."

"लांब होता?"

"माझ्याहून थोडा कमी."

ती भंगाराच्या पिंपाकडे धावलीच. दोन्ही वाया गेलेले दांडे ओढून काढले, चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरायची टोकं जुळवून बाकावर शेजारी शेजारी ठेवले आणि टेप लावली. पहिल्याचे आटे बिघडले होते चकापासून सातशे चाळीस मिलिमीटरवर. दुसऱ्याचे सातशे बेचाळीसवर.

"हा माझा दोष असेल, सी सलाह, तर तो जागा मोजून होतो," ती म्हणाली. "तुमच्या घरातल्या मांजरालाही इतकी शिस्त नाही. आणि इतक्या लांब गाडा फक्त माझ्याच जॉबला जातो."

सी सलाहने टेप स्वतः लावून पाहिली. आकडा बदलला नाही. "दुपारच्या अजानपर्यंत," तो म्हणाला. "मग लमजद."

तिने गाडा सातशेपासून आठशेपर्यंत रिकामाच पुढे-मागे पळवला. दहादा. वीसदा. चाळीसदा. गाडा लोण्यासारखा सरकत राहिला. बाहेर हाज बशीरने हॉर्न दिला. सी सलाहने घड्याळ पाहिलं, मग लमजदकडे, आणि लमजदने छताकडे.

कोपऱ्यात उस्ता तिजानी कॉफी घेत बसले होते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण रोज सकाळी येत. सी सलाहलाही हातात कानस धरायला त्यांनीच शिकवलेलं. त्यामुळे त्यांच्या कामाला कोणी हात लावत नसे, बोट दाखवणं तर दूरच.

"रिकामा गाडा थरथरत नाही, पोरी," ते म्हणाले. "कापताना थरथरतो."

नजीबाने गाडा सातशे चाळीसवर नेऊन उभा केला. मागे, गाड्याबरोबर वाकत-उलगडत जाणाऱ्या साखळीत सगळ्या केबली होत्या. "लमजद, हातोड्याच्या लाकडी दांड्याने साखळीवर टकटक कर. वाक आहे तिथे. हळू."

टक. टक. टक. लाल अलार्म.

अलार्म पाहून एवढा आनंद त्या छपराखाली आजवर कोणाला झाला नसेल. तिने गाडा सहाशेवर नेला. टकटक. काही नाही. पुन्हा सातशे चाळीस. अलार्म. लमजद तर आता लग्नातल्या ढोलासारखा वाजवायला लागला.

"बास, मोडशील," नजीबा म्हणाली आणि साखळीची झाकणं उघडायला बसली. वाकावरच्या केबलीभोवती काळी पट्टी होती, अगदी नेटकी गुंडाळलेली. तसं गुंडाळणारा हात सगळ्या वर्कशॉपला माहीत होता. नजीबाचा हात पट्टीशी थबकला.

उस्तांनी कप खाली ठेवला. "सोड ती. माझीच आहे. नवी केबल मिळत नव्हती, तार डागून जोडली. म्हटलं, आठवडाभर चालेल. आठवडा नऊ वर्षांचा झाला." ते गुडघ्यावर हात टेकत उठले. "हलत्या तारेला डाग देऊ नये, ती डागाच्या कडेला तुटते. हे मीच शिकवतो, आणि मीच केलं. बघता काय? त्या केबलीत दोन तारा रिकाम्या आहेत, तिथे जोडणी हलवा."

मग काय विचारता. नजीबा पॅनेलच्या टोकाला, उस्ता मोटरच्या टोकाला, लमजद मधे टॉर्च धरून दोघांच्याही शिव्या खात. वीस मिनिटांत दोन्ही टोकं रिकाम्या तारांवर आली. टकटक केली. अलार्म नाही. जोरात केली. तरी नाही.

शेवटचा तुकडा चकात चढला तेव्हा हाज बशीरही ट्रॅक्टर सोडून आत आला. पहिली फेरी. आकडे चढू लागले: सातशे वीस, सातशे तीस. सातशे चाळीस. सातशे पन्नास. गाडा टोकाला पोहोचला, मागे फिरला, पुन्हा निघाला. अशा बावीस फेऱ्या, आणि बावीसही वेळा सगळ्या माना त्याच जागी एकदम पुढे झाल्या. शेवटच्या फेरीला आटे असे चकाकले की हाज बशीरने त्यावरून बोट फिरवायला हात पुढे केला आणि नजीबाने तो फटका मारून मागे सारला. चक अजून फिरत होता.

अजान झाली. सी सलाह लेथजवळ आला, खाकरला, आणि चकाच्या घरघरीत, पाण्याच्या पंपाच्या आवाजात काहीतरी पुटपुटला.

नजीबाने चक थांबवला. पंप बंद केला. मग पंखाही बंद केला. सगळीकडे शांत झालं.

"ऐकू आलं नाही, सी सलाह. सकाळी कसं, दारापर्यंत ऐकू गेलं होतं."

सी सलाहने उस्तांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घालून कप उचलला. लमजदकडे पाहिलं; तो दात काढत होता.

"म्हटलं," सी सलाह दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, "चूक नजीबाची नव्हती. मशीन तिच्याकडेच राहील."

"हां," नजीबा म्हणाली आणि दांडा सोडवायला चकाची किल्ली उचलली.