नळी खाली आली नाही

परशुराम मेस्त्रीने गाडीचं मागचं डावं चाक वीतभर उचललं, नटाला पाना लावून त्यावर चार फुटी लोखंडी नळी आडवी चढवली आणि नळीच्या टोकाला पाच किलोचं वजन टांगलं. मग मनगटावरचं घड्याळ बघत तो मागे सरला.

"वयनी, ही नळी आता सावकाश खाली येवक व्हयी," तो वर्षालीला म्हणाला. "मिनिटभरात."

तीन मिनिटं गेली. नळी जागची हलली नाही.

याच गाडीत वर्षालीचा नवरा गेला होता. चार महिन्यांपूर्वी, सकाळी नऊच्या उन्हात, सर्वेश माशांच्या पेट्या घेऊन कुडाळला निघाला होता. चौके गावच्या वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या कुंपणावर, गडग्यावर जाऊन आदळली. कोरडा रस्ता, रोजचं वळण, म्हणजे प्यायलेला असणार, असं गावाने ठरवून टाकलं. आदल्या रात्री एका हळदीला त्याने दोन पेग घेतले होते, तेवढं पुरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मेलेला माणूस उठून थोडाच सांगणार आहे?

गावाचं तोंड कोण धरणार, हे वर्षालीला कळत होतं. पण सर्वेशचा बाप दाजी, तोही तेच बोलला, आणि तेही तिच्या सात वर्षांच्या लेकीसमोर, आरोहीसमोर. फोटो लावायचा विषय निघाला तेव्हा, दारूड्याला माझ्या भिंतीवर जागा नाही, म्हणाला. त्या दिवसापासून आरोही बापाचं नाव काढेनाशी झाली. वर्षालीला एवढंच हवं होतं, की दोष गाडीचा होता हे मेस्त्रीने म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगावं. म्हणून ती दाजींना आग्रह करून घेऊन आली होती. ते गॅरेजच्या आत आलेच नाहीत. बाहेर बाकावर, काठी गुडघ्यांत धरून, रस्त्याकडे बघत बसले होते.

अपघाताच्या आठवडाभर आधी सर्वेश तिला म्हणाला होता, वळणावर कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी जड होते. तिने हे सांगितलं होतं, म्हणूनच परशुरामने मागची बाजू तपासायला घेतली होती. तो आता गाडीखाली शिरला. पुढून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या मधोमध शहाळ्याएवढा एक बंद डबा होता. त्याने दांड्यावर खडूने खुणा केल्या, एकेक बोल्ट सोडवला आणि तो जड डबा छातीवर घेऊन बाहेर सरकला. डब्याचं लोखंड जळून निळंकाळं पडलं होतं.

यात पातळ चकत्या आणि घट्ट तेल असतं, त्याने समजावलं. पुढची आणि मागची चाकं थोडी कमीजास्त फिरली तर हे कपलिंग सांभाळून घेतं. तेल शिजलं की सगळं जाम होतं. मग हँडल फिरतं, पण मागची चाकं पुढच्यांना सरळच रेटत राहतात.

"आपटल्यान असा होना नाय. ह्या आधीच जळलेला. सर्वेशाचो काय दोष नाय."

वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दाजींना हाक मारायला वळणार, तोच परशुरामने तिला थांबवलं. कशाने जळलं तेही बघून घ्या, म्हणाला.

त्याने मागचे टायर दाखवले. दोन्ही कडा झिजून गुळगुळीत, मधली नक्षी मात्र शाबूत. पुढचे टायर सगळीकडे सारखेच झिजलेले. मागे हवा कमी असली की चाक लहान होतं आणि पुढच्यापेक्षा जास्त फिरतं, वाळूत ते चालून जातं. डांबरावर वर्षभर रोज तसंच पळवलं तर कपलिंग तापतच राहतं.

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. रोज दुपारी होडी वाळूवरून ओढताना चाक रुतू नये म्हणून मागच्या टायरांतली हवा खिळ्याने कोण काढायचं, हे तिने वर्षभर बघितलं होतं. डांबरावर जाण्याआधी हवा भरू या, असं सर्वेश कितीदा म्हणायचा. म्हातारा ऐकायचा नाही. दुपारी परत काढायचीच आहे, मग भरायची कशाला? आणि वर, चाळीस वर्षं वाळूत गेली माझी, मला शिकवू नको.

"माका खोटा बोलाक जमना नाय," परशुराम हळूच म्हणाला. "पण इचारल्याशिवाय बोलूचंय नाय."

वर्षालीचे कान तापले. स्वतःच्या हाताने केलं आणि पोराला दारूडा म्हणाला! सगळं तोंडावर फेकायचं, या रागाने ती बाहेर आली. दाजींनी मान वर केली नाही.

"मेस्त्री टायरांचा काय बोललो गो?"

ती थबकली. टायरांचं नाव बाहेर कोणी काढलंच नव्हतं.

"मेस्त्री बोललो, मामानू," ती सासऱ्यांना म्हणाली.

दाजींनी काठीवरची पकड बदलली. रस्त्यावरून कुडाळची गाडी गेली.

"माका त्याच दिसा कळलेला," ते म्हणाले. "आरोहीक सांगू नको."

वर्षाली त्यांच्या शेजारी बसली. राग गेला नव्हता, पण आता तो फेकायला जागा उरली नव्हती.

"तिचो बापूस पियालेलो नव्हतो," ती म्हणाली. "इतक्याच तिका कळूक व्हया. पण ता तुमी सांगूचा. माझ्या तोंडून नाय."

दाजींनी होकाराची मान हलवली. मग ते उठले, आणि तिची वाट न बघता बसथांब्याकडे चालू लागले.