पाटीवरचं नाव

मी एक जुनी काळी पाटी आहे. हाँगकाँगमध्ये लाम काकांच्या चहाच्या हॉटेलात गल्ल्याशेजारी टांगलेली असते. कुणाचा चहा कुठे पोचवायचा, ते माझ्यावर खडूने लिहीत. नाव विचारत बसायची इथे पद्धत नाही. जो जसा दिसेल तसा लिहायचा. टकल्या, पाचवा मजला. जाडी मावशी, शिवणाचं दुकान. इंग्रजी शिकवणारे गोरे मास्तर म्हणजे 'ग्वायलो', गोरं भूत. आणि समोरच्या इमारतीचे पाकिस्तानी पहारेकरी यावरभाई म्हणजे 'आ-चा'. मित्रांनो, हा शब्द इथे दक्षिण आशियाई लोकांना हिणवायला वापरतात. मला वाईट वाटे, पण पाटीला कोण विचारतो?

एके दुपारी यावरभाईंची मुलगी समीना पहिल्यांदाच चहा न्यायला आली. ती इथेच जन्मली, चिनी शाळेत शिकली.

"बाबा म्हणाले, पाटीवर माझं नाव आहे, बघून ये," ती हसत म्हणाली. "वीस वर्षं सगळ्यांना दाखवतात."

मग तिने मला वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, हे नाव आहे?"

काका चपापले. "अगं, प्रेमानं म्हणतो गं! मास्तरांना ग्वायलो म्हणतो, ते तर हसतात."

"ते हसतात म्हणून बाबांनीही हसायचं?"

काकांनी घाईघाईने पुसून 'दक्षिण आशियाई' लिहिलं.

"मग तुमच्या दारावर 'पूर्व आशियाई' लिहू का?"

आतून काकू ओरडल्या, "अहो, नाव विचारा की! तोंड शिवलंय का?"

समीनाने नाव सांगितलं, काकांनी ते चिनी अक्षरांत नीट लिहिलं. जाताना ती हळूच म्हणाली, "जुनं काय होतं, ते बाबांना सांगू नका. फार लागेल त्यांना."

दुसऱ्या दिवशी यावरभाई स्वतःच आले. "लामभाऊ, पाटीवरची अक्षरं वेगळी दिसताहेत. माझं नाव का बदललंत?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. माफी मागितली.

यावरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तो शब्द रस्त्यात खूप ऐकलाय," ते म्हणाले. "फक्त चिनी अक्षरांत वाचता येत नव्हता. इथे तरी तो नसेल, असं वाटलं होतं."

काकांचे डोळे भरले. यावरभाईंनी खुर्ची ओढली. "चहा आणा. आज इथेच पितो."

त्यानंतर काकांनी प्रत्येकाला विचारलं. मास्तरांनी 'ग्वायलो'च ठेवायला सांगितलं. जाड्या मावशीने मात्र काकांना चांगलंच फैलावर घेतलं!

आता सगळे फोनवरून चहा मागवतात. माझ्यावर धूळ बसते, तरी मी सुखात आहे. मित्रांनो, कुणाला काय म्हणायचं, ते आधी त्यालाच विचारा. आणि विचारायला वीस वर्षं लावू नका.