शेवटचा अंक पुसून बघा

"शेवटचा अंक पुसा, आजोबा."

आजोबांनी इस्पितळाच्या खाटेवर पडल्या पडल्या पाटीवर बोट फिरवलं. ७३९३९१३३ मधला शेवटचा तीन गेला.

"आता उरलेल्या संख्येला कशानेही भागा. एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जाणार नाही. अजून एक पुसा. तरी नाही."

पुसता पुसता पाटीवर नुसता सात उरला. त्यालाही कुणाचा भाग जात नव्हताच. आजोबांनी नातीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"आईने शिकवून पाठवलंय ना हे?"

"आईला कुठे गणित येतं?" नात म्हणाली.

संशयाला जागा होती. जन्मभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केलेल्या या माणसाच्या पायाची दोन बोटं साखरेच्या दुखण्याने आधीच नेली होती. आता गुडघ्याखालचा पाय उद्या काढायचा, नाहीतर विष वर चढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "थोडं थोडं कापत किती दिवस ठेवणार मला? राहू दे आहे तसं," असं लेकीला सांगून ते सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडले होते. लेक बाहेरच्या बाकावर रडून रडून दमली होती.

नातीला मात्र आकड्याने झपाटलं होतं. अशा संख्यांमध्ये ही सगळ्यांत मोठी, असं बाईंनी वर्गात सांगितलं होतं.

"कशावरून मोठी? शेवटी अजून एक अंक लावला तर?" आजोबा उठून ताठ बसले.

मग दोघं इरेला पेटले. सम अंक आणि पाच आधीच बाद. एक किंवा सात लावला तर अंकांच्या बेरजेला तीनने भाग जातो, म्हणजे तेही गेले. उरले तीन आणि नऊ, आणि ते काही केल्या हटेनात. सातने भाग, अकराने, तेराने... पाटी भरायची, पुसायची, पुन्हा भरायची. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ जेवण सोडून पाहू लागले. आजोबा चष्मा कपाळावर ढकलून भागाकार करत होते, नात चुका काढत होती.

एकशे सत्तावीसने भागल्यावर बाकी शून्य आली. आजोबांनी पुन्हा करून पाहिलं. शून्यच.

"तीनवाला फुटला," ते हळूच म्हणाले, जणू मोठ्याने बोललं तर पुन्हा जुळेल.

"आणि नऊवाला सहाने मोठा, म्हणून बाकी सहा. नवा भागाकार करायलाच नको."

आजोबांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. ते हसत होते.

तेवढ्यात डॉक्टर आले, मागोमाग लेक, डोळे पुसत. काय ठरलं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी पहिला नंबर माझा लावा," आजोबा म्हणाले. "दुपारी शुद्धीवर यायला हवं. नऊवाला बाकी आहे अजून."

लेक खाटेची कड धरून उभी राहिली. डॉक्टरांनी चादर सारली आणि गुडघ्याखाली निळ्या पेनने एक रेघ ओढायला घेतली. आजोबांनी पाय अगदी स्थिर धरला. तिकडे पाहिलं नाही.

"एकशे एकतीस," ते नातीला म्हणाले. "घाल भाग."