प्रथमोपकार पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि माझ्या अंगात बत्तीस चुका आहेत. हसू नका. सुतारकामात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. तेहतिसावी चूक मात्र खरीखुरी चूक आहे. ती माझ्या झाकणावर लाल रंगात, आंधळ्यालाही दिसेल इतक्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेली आहे. त्या एका अक्षराने एका मुलीचं आयुष्य कसं घडलं आणि पुढे ते कसं एकटं पडलं, ते मी जवळून पाहिलं आहे. तेच आज सांगते.

माझा जन्म एका हायस्कूलमध्ये झाला. मैदानाच्या टोकाला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती. आत भुशाचा वास. भिंतीवर करवत, रंधा, पटाशी यांची चित्रं काळ्या रंगात काढलेली, म्हणजे कुठलं हत्यार कुठे टांगायचं ते मुलांना कळावं. प्रयोगशाळेच्या बाटल्या ज्या खोक्यातून आल्या, त्याच्या फळ्या तिथे पडून होत्या. त्यांतून मी घडले. माझ्या तळाला आजही 'ही बाजू वर' असं छापलेलं आहे. म्हणजे पाहा, मी जन्मापासूनच उलटी!

मला घडवणारी मुलगी नववीत होती. अंगाने एवढीशी, पण ओझं उचलायला सगळ्यांच्या पुढे, म्हणून वर्ग तिला मुंगी म्हणे. तिच्या बाकावर शेजारी बसे ती शाई. तिची बोटं कायम शाईने बरबटलेली असत, तेव्हा ते नाव तिला आपोआप चिकटलं. मुंगीने फळ्या कापल्या, रंधा मारला, चुका ठोकल्या. झाकणावर नाव रंगवायचं काम शाईकडे होतं. शाळेसाठी प्रथमोपचार पेटी करायची, असं सरांनी सांगितलं होतं.

शाई रंगवता रंगवता गप्पा मारत होती. तोंड चालू, हात चालू, लक्ष मात्र भलतीकडे. रंग वाळल्यावर सुतारकामाचे सर आले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मोठ्याने वाचलं, "प्रथमोपकार पेटी!"

वर्गात हशा उसळला. 'च'च्या जागी 'क' पडला होता.

"वा शाईबाई!" सर म्हणाले. "म्हणजे आधी उपकार करायचा, मग पट्टी बांधायची?"

"सर, एकच अक्षर तर चुकलंय," शाई पुटपुटली.

"एकच अक्षर. पण पोरींनो, उपचार केला की जखम भरते. उपकार केला की समोरच्याची मान खाली जाते. हे दोन कधी एक करू नका."

लाल रंगाचा डबा रिकामा झाला होता. अक्षर दुरुस्त करायचं तसंच राहून गेलं. शाईने ते हसण्यावारी नेलं. मुंगी मात्र हसली नाही. कुणी तरी मनात खिळा ठोकावा, तसं ते वाक्य तिच्या मनात बसलं.

दुसऱ्याच आठवड्यात शाळेच्या शिपाईमामांचा अंगठा दारात चेंगरला. मुंगी मला घेऊन धावली. ती माझ्या उपयोगाची पहिली वेळ.

"मामा, हलू नका."

"मी कुठे हलतोय गं? मला तर सगळी शाळाच हलताना दिसतेय!"

तिने जखम धुतली, पट्टी बांधली, गाठ बाजूला घेतली. मामांनी खिशातून एक पेरू काढून तिच्यापुढे धरला. मुंगीने दोन्ही हात मागे घेतले. "नको मामा. मी उपचार केलाय, उपकार नाही." मामा कौतुकाने हसले आणि पेरू परत खिशात गेला. तेव्हा तो मलाही मोठा गुण वाटला. गुणाला धार फार लागली की तोही कापतो, हे कळायला मला पन्नास वर्षं लागली.

शाळा संपताना पत्र्याची नवी पेटी आली आणि सरांनी मला मुंगीच्या हातात दिलं. ती परिचारिका झाली. मग जिथे पूर येई, जमीन हादरे, लढाईने माणसं देशोधडीला लागत, तिथल्या मदतछावण्यांत ती जाऊ लागली आणि तिच्याबरोबर मी. जग तिला सिस्टर म्हणू लागलं. मी मुंगीच म्हणते, कारण मी तिच्या हातची.

त्या छावण्यांत मी नुसती पेटी राहिले नाही. मी तिचं टेबल झाले. हरवलेल्या माणसांची नावं तिने माझ्यावर कागद ठेवून लिहिली. मी पाट झाले. रांगेत मागे पडणारी मुलं माझ्यावर उभी राहून आपली आई शोधत. मी उशीही झाले. माझ्या एका कडेला किटलीचा डाग पडला, एका पायाने मी लंगडी झाले. झाकण वाचून लोक हसत, आणि दुखण्यात माणूस हसला की मुंगीला बरं वाटे. म्हणून तिने तो 'क' कधीच पुसला नाही. "उपकार करायचा नाही, याची आठवण आहे ती," ती म्हणे. "समोर असलेली बरी."

एका पुरानंतरची गोष्ट. एका म्हातारीचं घर, गोठा, भांडीकुंडी सगळं वाहून गेलं होतं. तिच्या पायाला चिघळलेली जखम होती. मुंगीने बारा दिवस ती धुतली. तेराव्या दिवशी म्हातारीने पदराखालून लोकरी मोज्यांचा जोड काढला. अंगावरचा एकुलता स्वेटर उसवून तिने ते विणले होते.

"घे गं बाई. तुझे पाय दिवसभर चिखलात असतात."

"मावशी, मला नको. मी कुणाकडून काही घेत नाही."

"अगं, घे ना."

"नाही म्हणजे नाही. तुम्हालाच थंडीत लागतील."

म्हातारीने मोजे पुन्हा पदराखाली घेतले. मग म्हणाली, "घेतले असतेस, तर वाटलं असतं, माझ्याकडे अजून द्यायला काही तरी उरलंय." आणि ती लंगडत तंबूबाहेर गेली. मुंगी पुढच्या रुग्णाकडे वळली. त्या म्हातारीचा चेहरा मी पाहिला होता. मला वाचा असती, तर मी तेव्हाच ओरडले असते. पण आम्ही पेट्या. आमचं तोंड दुसऱ्याने उघडायचं.

शाईची पत्रं मात्र येत राहिली. तिने पाट्या रंगवायचं दुकान काढलं होतं. लग्न झालं, मुलं झाली. 'आज एका दवाखान्याची पाटी केली, अक्षर तीनदा तपासलं,' असं ती लिही. मुंगी ती पत्रं माझ्या तळाशी, पट्ट्यांच्या खाली ठेवी. "सवड मिळाली की लिहिते," असं ती मलाच सांगे. सवड कुठली मिळायला! जखमांची रांग कधी संपते का?

मग एकदा दोनच ओळींचं पत्र आलं. 'हे गेले. तू दोन दिवस ये.'

मुंगीने ते पत्र चार वेळा वाचलं. त्याच दिवशी छावणीत नवी माणसं आली होती. ती गेली नाही. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण तिने उत्तरही लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करता महिना गेला. महिन्याने लाज वाटू लागली, वर्षाने तर 'आता कोणत्या तोंडाने लिहू?' असं झालं. शाईची पत्रं थांबली. माझ्या तळाशी आणखी एका पत्राची जागा रिकामी होती, ती रिकामीच राहिली.

वय झालं तसं मुंगीला छावण्यांतून निरोप मिळाला. सन्मानपत्र मिळालं, टाळ्या मिळाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती राहू लागली. मी कपाटावर जाऊन बसले. सुरुवातीला खालचे शिंपीकाका जिन्यातून हाक मारत, "सिस्टर, बाजारात चाललोय. काही आणू का?"

"काही नको."

समोरच्या घरातली सून विचारी, "मावशी, एकट्याच जेवता, आमच्याकडे या ना."

"नको गं. काही नको."

माणसं वाईट नव्हती, मित्रांनो. पण बंद दार किती दिवस वाजवायचं? काही महिन्यांनी जिन्यातली हाक बंद झाली. मुंगी खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसे. रस्त्यावर कुणी मूल धडपडलं की ती अर्धी उठे. तोवर त्याची आई पोचलेली असे. मुंगी पुन्हा बसे. मग दिवस मावळेपर्यंत त्या खोलीत कुणी एक शब्द बोलत नसे. माझ्यातला कापूस पिवळा पडला, औषधाची बाटली सुकून खडखडीत झाली, कडी गंजली. कुणाला काही झालं तर मी आहे, असं मला वाटे. पण कुणाला काही होतच नव्हतं. तिला जे झालं होतं, त्याची पट्टी माझ्यात नव्हती.

एका दुपारी काचेचा पेला तिच्या हातात फुटला. उजवा तळवा चांगलाच कापला. तिने जखम धुतली, डाव्या हाताने मला खाली ओढलं, पण कडी काही निघेना. शेवटी लाटण्याने ठोकून तिने मला उघडलं. पट्टीचं एक टोक दातांत धरून ती बांधू लागली. पट्टी सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. हजारो हात बांधले होते तिने. स्वतःचा एक बांधता येईना. जिन्यापलीकडे समोरची सून भांडी घासत होती. एक हाक पुरे होती. मुंगीने ओठ घट्ट मिटले.

तेवढ्यात दार वाजलं.

"कोण आहे?"

"पाटी रंगवणारी."

मुंगीने सुटलेली पट्टी मुठीत धरली. मग तिने दार उघडलं. बाहेर शाई उभी होती. केस पांढरे, हातात काठी, बोटांवर रंगाचे डाग. शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. त्याची पाटी तिनेच रंगवली होती, आमंत्रण द्यायला ती आली होती आणि मुंगीचा पत्ता शाळेच्या कारकुनाकडून काढला होता.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. तू... तू आमंत्रण ठेव आणि जा. मी बांधते."

"एका हाताने?"

"दातांनी."

"दात तरी तुझे आहेत का?"

मुंगीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "शाई, खरंच काही नको. जा तू."

शाईने खुर्ची ओढली आणि बसली. "तीन मजले चढून आलेय. गुडघ्यांनी संप केलाय. मी काही उठत नाही. तुला उठवता येत असेल तर उठव."

पट्टीतून रक्ताचा एक थेंब माझ्या झाकणावर पडला. मला वाटलं, आता ही पुन्हा 'नको' म्हणेल आणि शाई काठी टेकत निघून जाईल. मग या खोलीचं दार कुणीच वाजवणार नाही.

मुंगीने कापलेला हात पुढे केला.

शाईने इतकी वाईट पट्टी बांधली की काय सांगू! तोंडाबाहेर जीभ काढून ती गुंडाळत होती.

"अगं, गाठ जखमेवर नको, बाजूला!"

"ओरडू नकोस. नाहीतर हातावर दुकानाचं नाव रंगवीन."

"शाई, तुझा नवरा गेला तेव्हा मी आले नाही."

"नाही आलीस."

"पत्रही लिहिलं नाही."

"नाही लिहिलंस. फार राग आला होता. अजून आहे थोडा. हात सरळ धर."

मुंगीने हात सरळ धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते जखमेमुळे नव्हतं. जखमांचं रडू मी पुष्कळ पाहिलं आहे, मला फरक कळतो.

संध्याकाळच्या गाडीने शाई परत गेली. मेळाव्याला गुडघ्यांमुळे शाई आली नाही; मुंगी गेली, दोन तास बसली, परत आली. खोली पुन्हा तशीच शांत झाली. एका भेटीने सगळं भरून निघतं, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मुंगीने पट्टी सोडली. जखम पूर्ण भरली होती. मी अगदी जवळ होते, मी पाहिलं. तिने तळवा उघडला, मिटला. मग कागद घेतला आणि माझ्यावर ठेवून लिहिलं, 'शाई, हाताला अजून पट्टी लागते. बांधायला कुणी नाही. जमेल तेव्हा ये.'

आयुष्यभर खरं बोललेल्या बाईने हे खोटं लिहिलं आणि ते पत्र स्वतः जाऊन टपालपेटीत टाकून आली. त्याला आज सहा दिवस झाले. जिन्यात पावलं वाजली की ती मान वर करते. उत्तर आलेलं नाही. येईल की नाही, मला माहीत नाही.

म्हणून, बाळांनो, एक सांगते. माझ्यासारख्या पेट्या पुसा, त्यांत ताजा कापूस ठेवा, ते तर कराच. पण तुमच्या ओळखीत कुणी तरी असेल, ज्याच्याकडे सगळे मदतीला धावतात: एखाद्या बाई, एखादे काका, एखादी आजी. त्यांच्या घरी कधी रिकाम्या हाताने, काही काम नसताना जा. त्यांना विचारा, "तुम्हाला काय हवं?" ते म्हणतील, "काही नको."

तेव्हा लगेच उठू नका.