भाऊसाहेबांची भट्टी

भाऊसाहेबांची बॅग भरून दाराशी उभी होती. कॅनडातल्या ग्वेल्फ गावाबाहेरच्या लेकीच्या घरून त्यांची रवानगी आता मॉन्ट्रियलला, मुलाच्या कॉन्डोत, व्हायची होती. तिथे बटण दाबलं की घर गरम, बाहेर सगळा फ्रेंच कारभार आणि घरात करायला काडीचं काम नाही. भाऊसाहेबांना मुळीच जायचं नव्हतं. पण सांगणार कुठल्या तोंडाने?

भानगड भट्टीवरून झाली होती. दिवाणखान्याच्या मधोमध छताला भिडलेली विटांची भट्टी, तीच या घराची ऊब. सकाळी एकदाच दणदणीत जाळ करायचा, निखारे पुरते विझले की धुराड्याची झडप लावायची आणि गप्प बसायचं. विटा ती धग पोटात घेतात आणि दिवसभर सावकाश बाहेर सोडतात. भाऊसाहेबांचं अर्धं आयुष्य नागपुरात आंघोळीच्या बंबापुढे गेलेलं. त्यांनी इथेही बंबासारखंच एकेक लाकूड सारत, हवा कोंडून जाळ धुमसत ठेवला. भट्टीच्या दाराची काच काळीठिक्कर, घरभर धूर आणि अलार्मचा आकांत! "बाबा, तुम्हाला इथे एकटं ठेवायची मला भीती वाटते," शिवांगी म्हणाली आणि तिने भावाला फोन लावला.

आज मात्र तिला आणि जावयाला दोघांनाही लवकर किचनर शहरातल्या ऑफिसला जाणं भाग होतं. निघताना तिने बजावलं, "एकदाच पेटवायची, बाबा. नंतर कितीही गार वाटलं तरी हात लावायचा नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

भाऊसाहेबांनी सुकी लाकडं रचली, भट्टीत हवा जाण्याची खिडकी सताड उघडली आणि जाळ असा केला की काच झगझगली. निखारे विझल्याची दोनदा खात्री करून झडप लावली. मग भट्टीच्या भिंतीला हात लावला, तर ती जेमतेम कोमट. बाहेर बर्फ पडतच होता. त्यांनी शाल घेतली, कानटोपी चढवली. लाकडांचा ढीग शेजारीच होता आणि हात नुसते शिवशिवत होते. दोन लाकडं टाकली तर कोणाला कळणार होतं? पण वचन दिलं होतं. स्वतःवरच चिडून ते भट्टीकडे पाठ करून बसले.

दुपारी दार उघडलं. बूटसुद्धा न काढता शिवांगी थेट भट्टीकडे आली. "सकाळपासून फोनवर बघतेय, घरातलं टेम्परेचर ढिम्म हलत नाहीये. मीटिंग सोडून आले. व्हा बाजूला, मी अजून एकदा पेटवते."

भाऊसाहेब भट्टीच्या दारापुढे उभे राहिले. "अजिबात नाही."

"बाबा, इट्स फ्रीझिंग!"

"मलाही वाजतेय थंडी. पण हात लावायचा नाही, हे कोणी सांगितलं होतं? बस तिथे."

शिवांगी चमकली. आई गेल्यापासून बाबांचा हा आवाज तिने ऐकलाच नव्हता. ती मुकाट्याने भट्टीला लागूनच्या ओट्यावर, विटांना पाठ टेकून बसली. भाऊसाहेब चहा टाकायला गेले. आलं किसताना त्यांना एकच घोर लागला होता. भट्टी तापलीच नाही तर?

कप घेऊन ते बाहेर आले तेव्हा तिचा कोट ओट्यावर पडला होता. थोड्या वेळाने स्वेटरही उतरला. डोळे मिटून ती तशीच टेकून राहिली. भाऊसाहेबांनी हळूच विटांवर तळवा ठेवला आणि छान चटका बसेपर्यंत काढला नाही.

"बाबा," ती डोळे न उघडताच म्हणाली, "ती बॅग दारात फार अडचण करतेय. तुमच्या खोलीत नेऊन ठेवू?"

भाऊसाहेब तिच्या शेजारी टेकले. त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"बस गं," ते म्हणाले. "नेऊ सावकाश. आता कुठे जायचंय मला?"